मेरकानाचा चिमटा

माझ्या टेबलाशी येतात ते बहुतेक पासपोर्टासाठी.
आजा एकसष्टच्या आधी जन्मला, एवढा कागद त्यांना पुरतो.
पणजीत, जुन्या नोटरीच्या जिन्याखाली बसून
मी जुनं पोर्तुगीज अक्षर वाचून देतो.
पानाला शंभर रुपये. चहा त्यांचा.

एर्मेलिंद चोडणहून आली, फेरी चुकवून, भर दुपारी.
पिशवीत लोखंडी चिमटा, हातभर,
टोकं आत वळलेली, खेकड्याच्या नांग्यांसारखी.
म्हणाली, "आमच्या घराक मेरकानाचें घर म्हणटात.
पणज्याचा बाप अमेरिकेचा होता म्हणे."
मी म्हटलं, बाई, त्या पूर्वजाचा लिस्बनला
काडीचा उपयोग नाही.
"मला कुठेच जायचं नाही," ती म्हणाली,
"तो कुठून आला तेवढं बघा."

पहिल्या वहीत बाप्तिस्मा. अठराशे चौपन्न.
मुलगा काएतान. आई रोझालिना.
आणि बापाच्या जागी ते दोन शब्द,
जे मी चाळीस वर्षं वाचतो आहे
आणि मोठ्यानं कधी वाचत नाही:
पाय इंकॉग्नितु. बाप अज्ञात.
"काय लिहिलंय?"
शाई उडालीय, मी म्हटलं.

दुसरी वही मृतांची. वाळवीनं केलेल्या नक्षीतून
एक नाव वर आलं: इरांव.
मी वाचलं, इराण.
दीड महिना आम्ही एक इराणी शोधत होतो,
घोड्यांचा व्यापारी, हिंगवाला, काय काय.
मग एके दिवशी भिंग जरा तिरकं झालं
आणि पुढची ओळ लागली:
सुतार, बर्फाच्या जहाजावरचा.

बर्फाच्या!
इरांव म्हणजे हायरम असणार.
तिकडे हिवाळ्यात तळी करवतीनं कापत,
लाद्या भुशात पुरून मुंबईला धाडत,
चार महिने समुद्र, निम्मं वाटेतच पाणी.
कुठल्या तरी तापात हा मांडवीच्या तोंडाशी
उतरवला गेला असेल. किंवा पळाला असेल.
वही त्याबद्दल काही बोलत नाही.

चिमटा लादी उचलायचा.
मी सांगितलं तशी एर्मेलिंद हसायला लागली.
त्यांच्याकडे सहा पिढ्या
काजूच्या भट्टीवरून तापलेलं भांडं
त्यानंच उतरवतात.

तिनं तिकडच्या एका गावाला पत्र टाकलं.
उत्तर आलं, शिक्क्यासकट:
त्या काळचे हायरम अकरा सापडले,
अकराही आपापल्या गावात पुरलेले.
बारावा त्यांच्याकडे नव्हता.
बारावा गेला, असं म्हणणारंही कुणी नव्हतं.

पावसाळा संपता संपता तिसरं पान मिळालं,
चर्चच्या जमाखर्चात, मेणबत्त्या आणि चुन्याच्या मधे:
मेरकान सुतारानं वेदीचं दार बसवलं.
मजुरी घेतली नाही.
त्याबदली रोझालिनाच्या काएतानला
पाद्रीनं अक्षरं शिकवावीत, असं ठरलं.

हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं.
दुसऱ्यांदा तिनं मागितलं नव्हतं.
मग राहवेना. म्हटलं, पहिल्या वहीतली शाई
उडालेली नव्हती.

ती चिमट्याची टोकं उघडझाप करत होती,
गंजाची पूड माझ्या टेबलावर.
"बाब, पोर्तुगीज मला येत नाही.
पण ते दोन शब्द आमच्या घरात
सगळ्यांना वाचता येतात."

फेरीची वेळ झाली होती.
हिशेब विचारला तिनं.
दोन पानांचे दोनशे, मी म्हटलं.

तीनशे मोजून ठेवले,
वर चहाचे वेगळे.